बिनटाक्याची चकती

४ नोव्हेंबर, सोमवार

घर छान आहे. खरंच छान आहे, आणि हे मी लिहितेय म्हणजे ते असणारच. मला सहजासहजी काही आवडत नाही अशी माझी ख्याती आहे. दोन खोल्या, लांबट स्वयंपाकघर, त्याला पूर्वेची खिडकी. भिंतींना नुकताच रंग दिलाय, वास अजून जायचाय. भुणभुणनं आल्या आल्या खिडकीजवळची खाट पटकावली. भुणभुण म्हणजे माझी लेक. दिवसभर कानाशी काही ना काही चालूच असतं म्हणून हे नाव. तिनं जाहीर केलं की मोठ्या माणसांना उजेडाची गरज नसते, त्यांचं काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. दहा वर्षांची आहे, जीभ चाळिशीची. हे वळण कुणाचं, असं विचारलं तर म्हणाली, नाक वर करून बोलायची रीत तुझी, बाकी सगळं बाबांचं.

तिच्या बाबांनी सकाळी सामान गाडीत चढवून दिलं. आम्ही दोघं वेगळे राहायला लागल्यापासून एकमेकांशी बँकेच्या खिडकीवर बोलावं तसं बोलतो. निघताना ते म्हणाले की पोरीला जिथं राहायचंय तिथं ती राहील, मी ओढाताण करणार नाही. पण ज्या दिवशी ती स्वतः फोन करून मला न्या म्हणेल त्या दिवशी मी दारात उभा असेन. मी म्हटलं, बघा वाट. माझ्यापासून तिला सोडवायचं तर पहार आणावी लागेल, आणि हा माणूस बरणीचं झाकणसुद्धा माझ्याकडून उघडून घ्यायचा. जगात एवढी एकच गोष्ट मला हवी आहे, ही कार्टी. बाकीचं जग मला नसतं तरी चाललं असतं.

दुपारी कारखान्यात डोकावून आले. पायी जाण्याइतका जवळ आहे. जाड लोखंडी प्लेटा लेसरनं कापतात आणि वाईट कापतात, म्हणून मला बोलावलंय. कापाची कड सुधारणं एवढंच मला येतं, पण ते फार चांगलं येतं. मालकांना सगळे पाठीमागे ‘चालेल’ म्हणतात, कारण त्यांच्या तोंडात तेवढा एकच शब्द आहे. गिऱ्हाइकानं परत पाठवलेली चकती त्यांनी दाखवली. दोन बोटं जाड, ताटाएवढी. कडेचा वरचा भाग बरा, खालचा उंदरानं कुरतडलेला, आणि बुडाशी जळालेल्या लोखंडाचे थेंब लोंबताहेत, सर्दी झालेल्या पोरासारखे. मालक म्हणाले, जरा घासलं की चालेल. मला हसू आवरेना. इथं काम सोपं आहे. आनंदात घरी आले.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर यंत्रापाशी होते. यंत्र उत्तम आहे. चांगलं स्थळ वाईट घरात पडावं तसं झालंय त्याचं.

लेसरच्या तोंडाशी असलेली संरक्षक काच इतकी माखलेली की न्हाणीघराला लावावी. नोझल ठेचलेलं. त्याच्या तोंडाला चिकटपट्टी लावून एक बारीक झोत मारला. भोक मधोमध पडायला हवं, ते वाट चुकल्यासारखं एका बाजूला. ज्या पट्ट्यांवर प्लेट ठेवतात त्यांवर वर्षानुवर्षांची जळलेली साय. आणि ऑक्सिजनचा दाब तर असा की टायरमध्ये हवा भरतोय. यंत्र चालवणाऱ्याचं म्हणणं, जास्त हवा म्हणजे जास्त काप. अरे, जाड लोखंडात ऑक्सिजन नुसता फुंकत नाही, तो लोखंडच जाळतो. जास्त दिलास की ते बेताल जळतं आणि कडेला खड्डे पडतात. तो मान हलवून म्हणाला, असं होय. त्याला काही कळलं नव्हतं.

हा थोरला. क्रेन आणि ग्राइंडर सांभाळतो तो धाकटा. सख्खे भाऊ. दोघांची मिळून एक अक्कल आहे, तीही आळीपाळीनं वापरतात. दिवसभर भांडतात. थोरला म्हणतो, तुझ्या हातांना बोटं आहेत की केळी? धाकटा म्हणतो, तू आईचा पहिला प्रयोग, फसला म्हणून मला काढलं. मग दोघं एकाच डब्यात हात घालून जेवतात. मी पाठ करून जेवले.

भुणभुणला शाळा आवडली नाही. तिच्या मते बाईंना काही येत नाही. आईची लेक.

७ नोव्हेंबर, गुरुवार

कड सुधारली. नवी काच, नवं नोझल, नीट मधोमध बसवलेलं. दाब एवढा कमी केला की थोरल्याला वाटलं नळी तुंबली. फोकस पातळ पत्र्याचाच ठेवला होता गाढवांनी. तो प्लेटच्या वर उचलला म्हणजे काप जरा रुंद होतो आणि वितळलेलं लोखंड खालून मोकळेपणी निघून जातं. सुरुवातीचं भोक टप्प्याटप्प्यानं पाडायला लावलं. कोपऱ्यांवर उष्णता साचते, तिथं वेग आणि ताकद जुळवली. चौथ्या तुकड्याला खालची कुरतड गेली, थेंब गेले. रेघा बारीक आणि सरळ, नुकते केस विंचरल्यासारख्या. मालक तीनदा चालेल म्हणाले.

पण कडेवर एक चामखीळ उरली. ती यांनी मुद्दाम ठेवलीय. प्रत्येक चकतीला एका जागी नखाएवढी जागा कापतच नाहीत. त्याला टाका म्हणतात. चकती त्या टाक्यानं प्लेटला धरून राहते. मग दोघे भाऊ दोन बाजूंना उभे राहून पहारीनं तो मोडतात आणि उरलेला कोंभ धाकटा घासत बसतो. पातळ पत्र्यात टाका लागतो, नाहीतर हलका तुकडा उडून यंत्राच्या डोक्यावर आपटतो. इथं चकती स्वतःच्या वजनानं बसलेली असते, कुठं जाणार आहे ती? मी म्हटलं, उद्यापासून टाका बंद. काप पुरा.

थोरल्यानं धाकट्याकडे पाहिलं. मालकही चालेल म्हणाले नाहीत.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

कारण कळलं. लिहितानाही हसू येतंय.

चहाच्या वेळी धाकट्यानं आवाज खाली करून सांगितलं. या यंत्रावर तुकडा कधी पुरता सोडायचा नाही म्हणे. पुरता सोडला की बटण दाबणाऱ्याचंही एक माणूस सुटतं. सगळ्यात घट्ट असलेलं. आधी माया जाते, दोन्हीकडची. मग हळूहळू ओळखही जाते. फाटकावर एक गृहस्थ बसतात, शर्टाला इस्त्री, बोलणं शिकलेलं. ते हे यंत्र बसवायला आलेले इंजिनियर होते. पहिला तुकडा त्यांनी पुरा कापून दाखवला. त्यांची बायको न्यायला आली, तर यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कुणाला भेटायचंय विचारलं. आणि धाकटा म्हणतो, खरी गंमत पुढं आहे ताई, तिनंही विचारलं, ऑफिस कुठल्या बाजूला?

चहा माझ्या नाकात गेला. लोखंड कापायच्या यंत्राला नाती कळतात! यांना साधा दाबमापक वाचता येत नाही, आणि भुतं मात्र बरोबर कळतात. मी म्हटलं, काम न करणाऱ्याला कारण कमी नाही. धाकटा म्हणाला, ताई, तुमची मर्जी, पण बटण मी नाही दाबणार, मला एकच भाऊ आहे, वाईट आहे पण एकच आहे.

भुणभुणला सांगितलं, हसेल म्हणून. ती हसली नाही. त्या काकूंना मुलं होती का, विचारलं. मी म्हटलं, खा गप.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज बिनटाक्याची पहिली चकती निघाली.

थोरला बटणापाशी उभा राहून हात पुसत होता, पुसतच होता. मी म्हटलं, घरी जाऊन आईला विचारून येतोस का, थांबते मी. सगळे हसले. धाकटाही हसला. थोरल्याचे कान लाल झाले आणि त्यानं बटण दाबलं. अशा माणसांना समजावून काही होत नाही, लाजवलं की होतं.

काप गोल फिरून जिथं सुरू झाला होता तिथं येऊन मिळाला. झोत विझला. धाकट्यानं चुंबक लावून चकती उचलली, ती लोण्यातून निघावी तशी निघाली. मी हातमोजा काढून थंड झालेल्या कडेवरून बोट फिरवलं. पूर्ण फेरी. बोट कुठंच अडलं नाही. इतकी वर्षं हे काम करतेय, अशी कड मी पाहिली नव्हती. आपण कशातून निघालो याची काही खूणच तिच्या अंगावर नव्हती.

मालकांनी ती चकती कचेरीत मांडायला नेली. धाकट्याला घासायला काही उरलं नाही, तो ग्राइंडर मांडीवर घेऊन बसून राहिला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

भाऊ नाटक करताहेत.

जेवायच्या सुट्टीत धाकटा आला तर थोरल्यानं आपली पिशवी बाजूला घेतली आणि म्हणाला, बसा ना, बसा. धाकटा थँक्यू म्हणून बसला. दोघांनी आपापले डबे उघडले. धाकट्याच्या डब्यात भाजी नव्हती, ती दोघांची मिळून थोरल्याकडे असते. त्यानं कोरडंच खाल्लं. थोरल्यानं ते पाहिलं आणि सभ्य माणसासारखी नजर दुसरीकडे वळवली.

मी थोरल्याला म्हटलं, तो तुझा भाऊ ना रे? म्हणाला, हो, भाऊ आहे. असं म्हणाला जसं कुणी कुठली बस कुठं जाते ते सांगावं.

मला धडा शिकवायचा बेत आहे हा. चांगला वठवलाय, एवढं मान्य. बाकी कामात अशी एकी दाखवली असती तर मला बोलवावं लागलं नसतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

नाटक वाढवत नेलंय. आज धाकट्यानं थोरल्याकडे बोट दाखवून मला विचारलं की हे मशीनवाले कधीपासून आहेत. घरी दोघं एकाच खोलीत झोपतात म्हणे; काल आईनं दोघांना वाढलं आणि रडत बसली. आईलाही सामील केलंय!

बटणाला कुणी हात लावेना. मालक अक्षरशः हात जोडून आले. म्हणाले, टाका राहू द्या बाई, गिऱ्हाईक घेईल, चालेल. मी म्हटलं, मला चालत नाही. चामखीळ ठेवायची तर मला कशाला आणलंत, एखादी कानस आणायची होती. एवढे बाप्ये आणि एकाचाही अंगठा उठेना. किळस आली मला. मी स्वतः गेले आणि बटण दाबलं.

कड सोमवारच्या चकतीहून सरस. ट्रक उभाच होता, चकती लगेच गेली.

झोत विझल्यावर कानात एकदम शांतता झाली. छान हलकं वाटतंय. कितीतरी वर्षांनी पाठीवरचं काहीतरी उतरवून ठेवल्यासारखं. सावकाश चालत घरी आले, वाटेत बाकावर बसले, घाई नव्हती कशाचीच. घरात कुणीतरी दिवा लावून ठेवला होता. बरं झालं, किल्ली शोधायला सोपं गेलं. आमटी गरम करून जेवले आणि आता हे लिहितेय. कानाशी अजिबात आवाज नाही. उत्तम दिवस.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी चहाला गेले तर ओट्यापाशी ती उभी होती. स्वतःची वेणी स्वतः घालत होती. म्हणाली, तुम्ही आधी घ्या चहा, मी थांबते.

मी चहा घेतला. कप विसळला. जिना उतरून रस्त्यावर आले, अर्ध्या वाटेपर्यंत गेले आणि तिथं पाय थांबले.

तुम्ही.

ती माझी मुलगी आहे. मला माहीत आहे. सात सक बेचाळीस जसं माहीत असतं तसं. मी तिला जन्म दिला, तेव्हा खूप वेळ लागला होता, हेही माहीत आहे. काल तिला शाळेतून आणायचं होतं. ती वाट बघत बसली नाही, चालत एकटी आली. मी विचारलं नाही, ती बोलली नाही. एका टेबलावर आम्ही जेवलो असणार—मला समोरची खुर्ची आठवते, खुर्चीत कोण होतं त्याकडे मी पाहिलंच नव्हतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मी मूर्ख नाही. भित्रीही नाही. प्रयोग केले.

तिचा हात हातात घेतला. जिन्याचा कठडा धरावा तसा लागला. तिनं थोडा वेळ धरू दिला, मग विचारलं, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? केस विंचरून दिले. ती अवघडून बसली, दुसऱ्याच्या घरी मुलं बसतात तशी. तिला चिडवलं, तुझी शाळेतली बाई तुझ्याहून बरी. मला वाटलं आता उसळेल. ती म्हणाली, हो, बाई चांगल्या आहेत.

फोटो काढून बघितले. पोरगी गळ्यात पडलीय आणि एक बाई तोंड वेडंवाकडं करून हसतेय. बाईचं हसणं बावळट आहे.

भीती वाटायला हवी एवढं कळतं. वाटत मात्र नाही. कडेला काहीच चिकटलेलं नाही—राग नाही, दुःख नाही. स्वच्छ.

आज माया गेलीय, पुढं ओळख जाईल. भावांची तीन दिवसांत गेली. थोरल्याला मीच लाजवून—

ते नंतर. आधी डोकं चालवायचं. कापाच्या उलट काय?

१८ नोव्हेंबर, सोमवार

जोड. कापाच्या उलट जोड, दुसरं काय असणार.

भावांची चकती कचेरीत होतीच. ज्या प्लेटमधून ती काढली त्या प्लेटचा सांगाडा मागच्या भंगारात सापडला. वेल्डर म्हणजे मालकांचा मेहुणा. त्या नात्याशिवाय याला कुणी दारात उभं केलं नसतं. म्हणाला, मी काय वाटेल ते जोडतो, मोडलेलं लग्नसुद्धा. त्याचं स्वतःचं मोडलंय. मी म्हटलं, तोंड कमी, हात जास्त. चकती तिच्याच भोकात बसवली. एका बाजूला थोरला, एका बाजूला धाकटा, दोघांना धरायला लावलं, जसे टाका मोडायला उभे राहायचे तसे. दोघे एकमेकांना अहो-जाहो करत उभे राहिले. मेहुण्यानं पहिला टाका घातला, मग सगळी फेरी.

काय घाणेरडं वेल्डिंग! फुगे, थेंब, वेडीवाकडी वळणं. कोंबडी चालून गेल्यासारखं.

जेवायच्या सुट्टीत आरडाओरडा ऐकू आला. धावले. थोरल्यानं धाकट्याची कॉलर धरली होती. गाढवा, माझ्या डब्यातली सगळी भाजी खाल्लीस? धाकटा घास चावत म्हणाला, तुला कशाला लागते भाजी, तुझं डोकं आहेच की भोपळ्याएवढं. मग थोरला खाली बसला आणि हुंदके देऊन रडला. धाकटा त्याच्या पाठीवर चापट्या मारत होता आणि शिव्या देत होता.

जोड लागते. वेडीवाकडी लागते, पण लागते.

माझी चकती. ट्रक.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

माझ्या चकतीचा सांगाडा आहे. मी स्वतः त्यावर खडूनं खूण केली, भंगारवाल्याला हात लावू देऊ नका म्हणून सांगितलं. थोरला म्हणाला, ताई, मी त्यावरच बसून राहतो. बसलाय.

मालक चकती परत मागायला तयार नाहीत. गिऱ्हाईक इतकं खूश आहे की आता सगळ्याच तशा हव्यात. मी म्हटलं, ती एक सदोष आहे. ते म्हणाले, बाई, ती बघून त्यांनी फोन केला. मी म्हटलं, मालक, माझी मुलगी आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच चालेल हा शब्द नीट म्हणाले.

घरी ती अभ्यास करत होती. चांगल्या वळणाची मुलगी आहे. कुणाच्याही घरी ठेवावी अशी.

असं लिहायचं नाही. माझी. माझी मुलगी. भुण—

तिला मी काय म्हणायचे?

२० नोव्हेंबर, बुधवार

गिऱ्हाइकाच्या गोदामात गेले. भांडारवाला चकतीची कड दिव्याखाली धरून बघत होता. म्हणाला, मॅडम, हिच्यात दोष दाखवा, मिशी काढतो. मी दोष शोधला. माझ्याच कामात मी पूर्ण फेरी बोट फिरवून दोष शोधला. नाही.

खोटं बोलले. आत भेग आहे, भार घेतला तर कुणी मरेल. घाबरला. पण म्हणाला, सहीशिवाय देत नाही, साहेब शुक्रवारी येतील, मग पाठवतो. नियम. शिक्के. मठ्ठ.

परत येताना बाकावर बसले. कशाची घाई होती ते आठवायला वेळ लागला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मुलीनं विचारलं, फोन वापरू का? मी म्हटलं, वापर की.

आतल्या खोलीतून ऐकू आलं. बाबा, इथल्या काकू चांगल्या आहेत, पण मी इथं का आहे ते मला कळत नाही. मला न्यायला याल का?

मी स्वयंपाकघरात उभी होते. दूध उतू गेलं. ओटा पुसला.

हे ऐकून काहीतरी करायला हवं होतं. काय ते—

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

एक गृहस्थ आले. ओळखीचे. हो, यांच्याशी माझं लग्न झालं होतं. माझ्याकडे टक लावून बघत होते. म्हणाले, तू हिला अशी जाऊ देतेस? तू? मी म्हटलं, तिची इच्छा आहे, आणि आपलं तसं ठरलंच होतं ना. ते दारातच रडायला लागले. बाप्या माणूस. मी त्यांना पाणी दिलं.

मुलीनं पिशवी नीट भरली होती. बराय, येते, म्हणाली. जिन्यावर थांबली, मागं वळली, काही राहिल्यासारखी. पिशवी बघितली, पाण्याची बाटली बघितली, बूट बघितले. सगळं होतं. गेली.

खिडकीजवळची खाट रिकामी झाली. उजेड चांगला येतो तिथं. मी तिथं झोपेन.

शनिवार

चकती आली— सकाळी फाटकातून सरळ आत. थोरला सांगाड्यावरून उठला. धाकट्यानं क्रेननं भोकात बसवली. तंतोतंत. कड अजूनही सुंदर— हात लावला, कुठं अडत नाही—

ही परत का जोडायची? एवढं चांगलं काम. त्यावर त्या मेहुण्याचं कोंबडीचं वेल्डिंग. कुणी ठरवलं हे? मी? माझ्याच अक्षरात सांगाड्यावर खडूनं— हात लावू नका—

मालक, भाऊ, सगळे गोळा झालेत. कुणी कामाला लागत नाही. गर्दी करायला मात्र पुढं. माझ्याकडे बघताहेत, कुणी मेल्यासारखे—

मेहुण्यानं मुखवटा चढवलाय. एका बाजूला मला उभं राहायचंय. एवढं लिहून झालं की उभी राहते. दुसऱ्या बाजूला माणूस हवं, तो म्हणतोय. लवकर बोलवा.

थोरल्याचे डोळे भरलेत. कशानं? नुसता गोंधळ— साधं सांगता येत नाही यांना—

धाकटा ओरडतोय, ताई, लेकीला बोलवा, लेकीला—

कुणाच्या—